तिघांतली दोघं

"देव जरी खाली उतरला ना, तरी ह्यातलं एक अक्षर त्याला पुसता येणार नाही," वीरधवल कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला आणि त्यानं ब्लेझरचं बटण नीट केलं.

साताऱ्याला सुभेदार नाथाजींच्या मंगल कार्यालयात हे शूटिंग चाललेलं. सुभेदारांचं बुकिंग सांभाळणाऱ्या वीरधवलनं ज्यांच्याकडनं डेटाबेस घेतला होता, त्या कंपनीला गिऱ्हाइकांचे अनुभव पाहिजे होते. कितीही वाढवा, वाढतच जाणारा, कोट्यवधी नोंदी झेलणारा असा तो डेटाबेस. सुभेदारांची कार्यालयं मात्र तीनच. सातारा, मलकापूर आणि मिरज. "उंदीर मारायला रणगाडा आणलाय येड्यानं," असं सुभेदार चारचौघांत सांगायचे, पण सांगताना मिशीवर हात फिरायचा.

"समजा, तीन गावांत तीन मशिनी आहेत," वीरधवल पुढं बोलायला लागला. "बुकिंग कुठंही करा, ते तिन्हीकडं लिहिलं जातं. तिघांतली दोघं 'हो' म्हणाली की नोंद पक्की. तिसरं वेगळं काही बरळायला लागलं, तर ही दोघं त्याला दुरुस्त करतात. मग आचारी, फुलवाला, बँडवाला, सगळ्यांना आपोआप मेसेज जातो. दारावरची पाटीसुद्धा आपोआप बदलते. माणसाचा संबंधच नाही."

कॅमेरावाला पोरगा घसा खाकरून म्हणाला, "सर, ती मागची पाटी तेवढी बदला की. व्हिडिओत बरी दिसत नाही."

वीरधवलनं वळून बघितलं. दारावरच्या दिव्यांच्या पाटीवर सकाळी त्यानं स्वतः 'आपले स्वागत आहे' असं लावलं होतं. आता तिथं लाल अक्षरं सरकत होती. 'कै. बनुबाई. उत्तरकार्य.'

ब्लेझरच्या आत त्याला घाम फुटला. उकाड्याचे दिवस नव्हते.

आता ही बनुबाई कोण, ते सांगायला पाहिजे.

उंब्रजच्या अलीकडच्या एका गावातली म्हातारी. नातीचं, संयोगिताचं, लग्न ठरलं म्हणून गेल्या वैशाखासाठी तिनं मलकापूरचं कार्यालय धरलं होतं. मशीन आलं तरी सुभेदारांची जुनी पद्धत सुटली नव्हती. नारळ-सुपारी टेबलावर ठेवायची, मग बुकिंग. नारळ कार्य होईपर्यंत ऑफिसात राहायचा. बुकिंग मोडलं तर नारळ परत द्यायचा. बनुबाईनं नारळाला हळदीची बोटं ओढून, शेंडीला हिरवा दोरा बांधून ठेवला होता.

मग त्याच मुहूर्ताला एका वजनदार माणसाच्या पुतण्याचं लग्न निघालं. वीरधवलनं बनुबाईची नोंद पुसली. तिन्हीकडनं. पत्रिका वाटून झाल्यावर म्हातारीच्या कानावर ही बातमी आली. ती धापा टाकत मलकापूरला आली.

"आजी, नोंदच न्हाई तुमची," वीरधवल म्हणाला.

"आरं पर नारळ ठिवलाय की मी. ह्याच टेबलावर."

"नारळ बोलतो का? मशीन बोलतं. तीन मशिनी हायत, तिन्ही न्हाई म्हणत्यात. तिघांतली दोघं जरी हो म्हणाली असती, तरी तुमचंच खरं केलं असतं बघा."

म्हातारीनं जरा विचार केला. "दोघं हो म्हणली, तर माझं खरं?"

"शंभर टक्के."

"मग त्यात तुझंबी काय चालायचं न्हाई?"

"माझंसुद्धा न्हाई, आजी," वीरधवल हसून म्हणाला.

"ध्यानात ठीव, लेकरा," एवढं बोलून ती पायऱ्या उतरून गेली.

लग्नाच्या दिवशी निम्मी माणसं पत्रिका बघून मलकापूरलाच आली आणि दुसऱ्याच्या बँडसमोर उभी राहिली. नवरदेवाच्या आत्याला कुणीतरी गेटवरनं हाकललं. मानपानावरनं सोयरीक मोडली. आषाढ लागायच्या आत म्हातारी गेली. तिचं उत्तरकार्य अंगणातच झालं, भर पावसात.

आणि तो नारळ? ज्या दिवशी म्हातारी भांडून गेली, त्याच दुपारी वीरधवलनं तो फोडला. मलकापूरचा मॅनेजर बिरदेव आणि तो, दोघांनी चटणी वाटून भाकरीबरोबर खाल्ली. "लय ग्वाड हाय की सायेब," बिरदेव म्हणाला होता, आणि वीरधवलनं वाटी पुसून घेतली होती.

शूटिंग गुंडाळून त्यानं आधी पाटीवरची ती नोंद पुसली. 'नोंद काढली' असं आलं. तो चहा प्यायला गेला. येऊन बघतो तर नोंद परत हजर. मलकापूर हो म्हणत होतं, मिरज हो म्हणत होतं, आणि साताऱ्यापुढं हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुरुस्त केले.'

त्यानं मिरजेच्या ऑफिसात समीक्षाला फोन लावला. "ही बनुबाईची नोंद कुणी घातली गं?"

"मी घातली, सर. आजी स्वतः आल्या होत्या ना काल. नारळ ठेवून गेल्या."

"कोण आजी?"

"बनुबाई आजी. म्हणाल्या, वीरधवलला विचारूनच आलेय." मग तिनंच विचारलं, "का सर? काही चुकलं का?"

वीरधवलनं फोन ठेवला. पोरगी नवीन आहे, कुणीतरी तिची थट्टा केली असणार, असं त्यानं मनाला सांगितलं. त्याच्याकडं दुसऱ्या कशाला वेळ नव्हता. माघातल्या पहिल्या मुहूर्ताला त्याचं स्वतःचं लग्न होतं. पस्तिशी गाठलेला, सरकारी नोकरी नाही, ऊस नाही. किती ठिकाणचे कांदेपोहे खाल्ले त्याचा हिशेब त्याच्या आईनंही सोडून दिला होता. शेवटी मिरजेच्या प्रियदर्शनीनं हो म्हटलं. लग्न साताऱ्याच्या ह्याच हॉलमध्ये होतं, आणि आता काही झालं तरी ते मोडता कामा नये.

पुढच्याच आठवड्यात मिरजेला एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न होतं. फुलं आली ती सगळी पांढरी. बँडवाल्यांच्या शेजारी एक भजनी मंडळ येऊन बसलं आणि त्यांनी वैराग्याचे अभंग सुरू केले. बँडमास्तर भला माणूस, त्यानं क्लॅरिनेटवर साथ धरली. एवढ्यात न्हावी धोकटी घेऊन आला आणि नवरीच्या मामाला अदबीनं विचारता झाला, "डोई कुणाकुणाची करायची, मालक?" मामांनी त्याला आहेराच्या कळशीनं हाणलं.

सुभेदारांनी वीरधवलला समोर उभं केलं. "ह्याचा रिपोर्ट दे. आरं, हे लग्न होतं का दहावा?"

"मशीन चुकत नाही, आबा."

"मग कोण चुकलं?"

वीरधवलनं गाडीची किल्ली उचलली. तो मलकापूरला निघाला. एक मशीन बंद केलं की ही जोडी फुटेल, असा त्याचा हिशेब होता.

मलकापूरचं मशीन जिन्याखाली, पातेल्यांच्या खोलीत असतं. भर दुपारीही तिथं अंधारच. तेलाचा आणि ओल्या पोत्यांचा वास येत होता. मशीनवर एक नारळ ठेवलेला होता. त्यावर हळदीची बोटं ओढलेली. शेंडीला हिरवा दोरा.

"हा कुणी ठेवला?"

"मला वाटलं तुमीच ठिवला, पूजेचा," बिरदेव दारातूनच म्हणाला. तो आत येत नव्हता. "सायेब, त्यो आपण खाल्ला न्हवता व्हय?"

वीरधवलनं मशीनची वायर उपटली. पंखा घरघरत थांबला. दिवे विझले. त्यानं खिशातला मोबाइल काढून बघितलं.

मलकापूर, चालू.

"वायर तर तुमच्या हातात हाय की," बिरदेव हळूच म्हणाला.

बिरदेव मागं सरकला. वीरधवलनं नारळ उचलला. हलवून बघितला तर आत पाणी वाजत होतं, भरपूर. त्यानं तो गाडीच्या डिकीत टाकला आणि सरळ संयोगिताचं गाव गाठलं.

संयोगिता परड्यात कडबा रचत होती. ती त्याला ओळखत होती. बसा म्हणाली नाही.

"तुझ्या आजीचा नारळ परत द्यायला आलोय," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

तिनं नारळ घेतला, कानाशी धरला, हलवला. मग त्याच्या हातात परत दिला.

"ह्यात काय न्हाई. रिकामाय."

"आत्ता पाणी वाजत होतं."

"वाजत आसंल," ती त्याच्या पोटाकडं बघत म्हणाली. "पर ह्यात न्हाई."

परतीच्या वाटेवर गाडीनं खड्डा घेतला, आणि कुठंतरी पाणी डुचमळलं. नारळ तर त्यानं वाटेत नदीत टाकला होता. त्यानं खिडकीची काच वर केली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच.

लग्नाचं सगळं त्यानं तोंडी ठरवलं. आचाऱ्याला घरी जाऊन सांगितलं, जिलेबीचा घाणा स्वतः उभं राहून मांडायला लावला. फुलवाल्याला दटावलं, झेंडू म्हणजे झेंडूच. आणि आदल्या दिवशी साताऱ्याच्या मशीनची बाहेर जाणारी वायरच कापून टाकली. आता मलकापूर आणि मिरज काय वाटेल ते बोलू देत. साताऱ्याचं खरं साताऱ्यापुरतं.

सकाळी हॉल भरायला लागला. सनई लावलेली, झेंडू केशरी, जिलेबीचा वास दारापर्यंत. पाटीवर 'शुभविवाह'. सुभेदारांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला.

"दिसतोयस बाबा, नवरदेव दिसतोयस. बायकू मिळाली म्हणायची येकदाची."

"अजून पोचली नाही, आबा. गाडीला उशीर झालाय."

त्यानं प्रियदर्शनीला फोन लावला. उचलला नाही. तिच्या वडलांनी उचलला नाही. म्हणून त्यानं समीक्षाला लावला.

"समीक्षा, पाहुण्यांची गाडी मिरजेतनं निघाली का बघ जरा."

"निघाली ना, पहाटेच." तिचा आवाज रडून बसलेला. "फार वाईट झालं हो. एवढी ताईंची हळद लागलेली. आपण कोण बोलताय?"

"अगं मी. वीरधवल."

पलीकडं तिनं नाक ओढलं. मग ती म्हणाली, "असली थट्टा करू नये, काका," आणि फोन बंद झाला.

त्यानं बिरदेवला लावला.

"कोण? सायेब?" बिरदेव म्हणाला. "सायेब तर गेलं की. आमी तिकडंच निघालोय. मेसेज आलाय सगळ्यास्नी."

मिरज. मलकापूर.

वीरधवलनं पळत येऊन सुभेदारांचा दंड धरला. "आबा, माझ्याकडं बघा. मी दिसतोय ना तुम्हाला?"

"आरं मग? येवढा फेटा बांधलाय मी." सुभेदार हसले. "घाबरलास व्हय लग्नाला?"

"काही झालं तरी माझ्याकडंच बघत राहा."

"बरं बाबा, बघतो."

दारात गाडी थांबली.

आधी पुरुष उतरले. सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मागनं बायका, पदर तोंडाला लावलेल्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेवटी प्रियदर्शनी उतरली. साधी साडी, हातावरची मेंदी ताजी. ती त्याच्या समोरनं गेली. इतक्या जवळनं की हळदीचा वास आला.

"प्रिया," तो म्हणाला.

ती भिंतीकडं जाऊन बसली.

"आबा, सांगा की ह्यांना."

"व्हय, सांगतो." सुभेदार पुढं झाले. "आवं पावणं, ह्यो काय प्रकार हाय? पोरगं हितं तुमच्या म्होरं..."

खिशात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी काढला, चष्मा वर केला, वाचलं.

'सातारा. दुरुस्त केले.'

सुभेदारांचा हात तसाच राहिला. ते वीरधवलकडं बघत होते, सांगितल्याप्रमाणं. मग नजर त्याच्यातनं पलीकडं गेली, दारावरच्या बदललेल्या पाटीवर. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा हळूच उतरवला.

"लय हुशार होतं पोरगं," ते म्हणाले.

सनई कुणीतरी बंद केली.

वीरधवल ओरडला. त्यानं खुर्ची पाडली. एका बाईनं ती उचलून जागेवर ठेवली आणि वारं सुटलंय म्हणाली. तो बापाच्या पुढ्यात बसला, आईचे हात धरले. आईनं हात सोडवून घेतले आणि पदरानं डोळे पुसले.

बाहेर न्हावी येऊन थांबला होता. ह्यावेळी त्याला कुणी मारलं नाही.

माणसं भेटून उठायला लागली. जाताना कुणीही 'येतो' म्हणालं नाही. अशा ठिकाणी म्हणत नसतात.

जेवणं वेळेत झाली. उत्तरकार्याला जिलेबी कशी, असं दोघातिघांनी विचारलं, पण खाल्ली सगळ्यांनी. गोंधळ एवढाच झाला की हॉलच्या मागच्या कट्ट्यावर पान ठेवलं, त्याला कावळा शिवेना. समोरच्या चिंचेवर पुष्कळ बसले होते, पण सगळे हॉलच्या मागच्या दाराकडं माना वळवून बघत होते, जसं काही तिथं कुणी उभं आहे. सुभेदारांनी हात जोडून काय राहिलं असेल ते पुरं करतो म्हणून सांगितलं, तरी शिवेना. मग बिरदेव म्हणाला, "सायबास्नी नारळाची चटणी लय आवडायची."

चटणी आणून पानात वाढली. तरीही कावळा शिवला नाही.