निळ्या चपलेचा तुकडा

"तुझ्या बाजूने साक्षीदार कोण?"

"कुणी नाही."

"दिवा तू बंद केलास, हे कुणी पाहिलं?"

"मीच."

"आरोपी स्वतःचाच साक्षीदार? हे कोर्टात चालत नाही!" वकील टेबलावर मूठ आपटून म्हणाली.

टेबल हललं नाही. काकांनी त्याच्या आखूड पायाखाली जुन्या निळ्या चपलेचा तुकडा बसवला होता. घरातल्या प्रत्येक दुखण्यावर काकांचा हाच उपाय. खडखडणारी खिडकी, डुगडुगणारं कपाट, सगळीकडे थोडीथोडी निळी चप्पल होती. तिच्या जोडीची दुसरी अजून शिल्लक होती, म्हणून काकू काळजीत असत.

वकील म्हणजे काकांची सुट्टीला आलेली पुतणी. वय बारा, वाद घालण्याची हौस साठीची. आज सगळे तलावावर पोहायला निघाले होते. डबे, टॉवेल, चटया डिकीत गेल्या. काकांनी ऐटीत किल्ली फिरवली आणि गाडी म्हणाली, "टक्‌ टक्‌ टक्‌ टक्‌!" बस्स, पुढे काही नाही.

"बॅटरी उतरली!" काकांनी निकाल दिला. "काल संध्याकाळी हे शेपूट गाडीत ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळत होतं. आतला दिवा रात्रभर चालू राहिला असणार!"

शेपूट म्हणजे काकांचा धाकटा. सतत कुणाच्या तरी मागे असायचा, म्हणून शेपूट. तर असा खटला उभा राहिला, आणि वकील तो जिंकत होती.

जिंकता जिंकता मध्येच तिला आठवलं. काल जेवणानंतर विसरलेली टोपी आणायला ती गाडीकडे गेली होती. गाडीत मिट्ट काळोख होता. टोपी तिने चाचपून शोधली होती.

दिवा बंद होता. साक्षीदार होता, आणि तो स्वतःच मूठ आपटत होता!

पण पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं आणि काका कौतुकाने बघत होते. "म्हणून आरोपी दोषी आहे!" ती बोलून गेली.

"मेकॅनिक आला की आपण जाऊ," काका म्हणाले. "शेपूट शेजारच्या आजींकडे राहील."

शेपूट रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. त्याने डिकीतून आपली पोहण्याची ट्यूब काढली. सकाळपासून गाल दुखेस्तोवर फुंकून फुगवलेली. तिचं बूच उघडून तो पायरीवर बसला. फुस्सऽऽ... हवा बराच वेळ जात राहिली. वकीलला ते ऐकवेना.

खरं तर एकच वाक्य बोलायचं होतं. पण त्यापेक्षा अख्खी गाडी खोलून बघणं तिला सोपं वाटलं. तिने शेपटाच्या थोरल्या भावाला गाठलं. "लंबू, गाडीत बस. पुढचे दिवे लाव."

"का? खटला संपला ना, वकीलबाई?"

"लाव म्हटलं ना!"

दिवे लख्ख लागले. लंबूने भुवया उंचावल्या. "अरेच्चा! बॅटरी उतरली असती तर हे मिणमिणले असते की!"

"आता किल्ली फिरव."

टक्‌ टक्‌ टक्‌! दिवे एकदम विझले. किल्ली सोडताच पुन्हा लख्ख!

"म्हणजे बॅटरीत दम आहे," वकील म्हणाली. "दिव्यांपुरती वीज येते, पण इंजिन फिरवायला जास्त लागते, ती कुठेतरी अडतेय. बॉनेट उघड."

"बॉनेटला हात लावला तर बाबा माझंच बॉनेट उघडतील!"

वकील गोड आवाजात ओरडली, "काकाऽ! बॅटरी कशी असते हो? आम्हाला कुणी कधी दाखवलीच नाही."

काकांना शिकवायला मिळालं की ते जेवणसुद्धा विसरत. ते धावतच आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं.

"हं, नीट बघा! ही बॅटरी. ही दोन टोकं. या टोकांवर तारांच्या कड्या घट्ट बसायला हव्यात. ही कडी सैल होती, काल मीच..."

काका थांबले. कडी आणि टोक यांच्यामध्ये निळ्या चपलेचा एक तुकडा सुबक कापून बसवला होता; कडी टोकाला एका बाजूनेच जेमतेम टेकत होती.

"काका," वकील हळूच म्हणाली, "रबरातून वीज जात नाही ना?"

"घट्ट तर बसली होती!" काका पुटपुटले.

"मग काल चालू करून पाहिली होती?" काकूंनी मागून विचारलं.

"काम चोख झाल्यावर तपासायचं कशाला?"

काकांचे कान लाल झाले. किल्ली काढून त्यांनी मुकाट्याने पाना आणला. तुकडा निघाला, टोक सँडपेपरने घासलं गेलं, कडीचा नट पिळून आवळला. किल्ली फिरली. घुर्रर्र!

"शाबास गं!" काकूंनी वकीलची पाठ थोपटली. "तू होतीस म्हणून माझं लेकरू सुटलं!"

ती थाप पाठीवर रट्ट्यासारखी बसली. "नाही काकू," ती म्हणाली. "काल रात्री मी गाडीत गेले होते. दिवा बंद होता. मला मघाशीच आठवलं होतं. खटला चालू असतानाच."

अंगणात गाडी घुरघुरत होती.

"मग बोलली का नाहीस?" पायरीवरून शेपटाने विचारलं.

"जिंकत होते."

शेपटाने विचार केला. "पत्ते खेळताना मीही करतो तसं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

काकांनी घसा साफ केला. "चूक माझी. बाळा, या दोन्ही आरोपींना शिक्षा तू सांग."

शेपटाने आधी काकांकडे बोट केलं. "बाबांनी दुसरी चप्पल आईला द्यायची." काकूंनी ती तिथल्या तिथे जप्त केली.

मग तो उठला आणि लोळागोळा झालेली ट्यूब त्याने वकीलच्या हातात ठेवली. "मधली अडचणीची सीट तुझी. आणि ही फुंकायची. पूर्ण."

तलाव लांब होता, ट्यूब मोठी होती. वकील मान खाली घालून फुंकत राहिली. काकांनी आरशातून पाहिलं. "अगं, गाल केवढे लाल झालेत तुझे! फुंकून ना?"

"अर्धे फुंकून," वकील म्हणाली, आणि तिने पुन्हा ट्यूब तोंडाला लावली.