चक्रीचा उलटा फेरा

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जत्रेत शुक्रवारी अनीसची घोड्यांची चक्री कलली, पाटलीणबाईंच्या नातीचा पाय मोडला आणि शनिवारी दुपारी निर्मलाबाईंना बोलावणं गेलं. फौजदाराने हात टेकले की लोक या विधवेकडे धावत. सोबत धाकटा भाऊ भटू होताच. अंगाने दांडगा, डोक्याने निवांत.

पाटलीण धनुबाई चक्रीपुढे उभ्या होत्या. "मन्ही नातना पाय मोडना. सांजले यानी चक्री जाळी टाकसूत."

अनीस मान खाली घालून बसला होता. "आजोबांनी सुरतेत दोरीला टांगलेले घोडे पाहिले होते बाई. मी मध्ये लोखंडी खांब घातला. चक्री फिरते तसा वरचा नट आवळतच जातो, आटेच तसे पाडलेत. मग काल तो सुटला कसा?"

"काल इथेच होतास?"

"जुम्मा होता. नमाजाला शहाद्याला गेलो. चक्री बाज्यावर सोपवली."

चक्री ढकलणारा बाज्या सातपुड्यातल्या काठी गावचा गरीब गडी. तो पायाने माती उकरत राहिला. "मले सांगं तेवढंच करं." कोणी सांगितलं, ते काही त्याच्या तोंडून निघेना.

"नट यानेच काढला, ताई," भटू कुजबुजला.

"मग पळाला का नाही? तुझ्यासारखा बसून का राहिला?"

दांड्यांना अजून चार घोडे लटकत होते. खांबाकडची बाजू नक्षीने, आरशांनी भरलेली. लोकांकडची कोरी.

"नातीला कधी बसवलंत, धनुबाई?"

"देवळाले फेरा मारीसन. देवना दारम्हा आम्ही उजवाच फेरा धरतस."

निर्मलाबाई वळल्या. "कोणता कारागीर नक्षी आत लपवून कोरी बाजू लोकांना दाखवेल? काल घोडे फिरवून लावले, कारण चक्रीच उलटी फिरवली. अनीसची डावीकडून फिरायची, काल प्रदक्षिणेसारखी फिरली. एका फेऱ्याने आवळणारा नट दुसऱ्याने सुटतो. आता बाज्या कोणापुढे नाही म्हणू शकत नाही? आणि उजवा फेरा कोणाला हवा असतो?"

धनुबाईंची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"मीच सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या. "देवनी जत्राम्हा उलटा फेरा नको म्हणीसन." मग अनीसकडे न बघता, "चक्री परत उभी कर. तुन्हा फेरानी. पहिला घोडावर मी बसस."

दुसऱ्या दिवशी भर जत्रेत पाटलीण लाकडी घोड्यावर बसल्या. भटू हसणार होता, बहिणीने चिमटा काढला.

चक्री डावीकडून फिरली. बाज्यासमोरून जाताना प्रत्येक फेऱ्याला धनुबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला.