डावा गाल

गाईंना पाण्यावर न्यायच्या आधी त्यांच्या कासेला फरची झोळी बांधावी लागते, नाहीतर सड गोठतात. त्या दिवशीही आइताने पाचही झोळ्या बांधल्या, गाठी ओढून पाहिल्या आणि गोठ्याचं दार ढकललं. तापमान उणे छप्पन्न होतं. दुपारचे बारा वाजले होते तरी धुक्यात पुढच्या गाईचं शेपूट तेवढं दिसत होतं. तळ्यावर तिच्या नवऱ्याने, मिचिलने, सकाळीच बर्फ फोडून ठेवला होता. धाकटी जाऊ नारिया मागून येत होती, डोक्यावर ती कोल्ह्याच्या कातड्याची तांबडी टोपी घालून.

त्या टोपीवरून आइताच्या पोटात दुखत होतं. उगाच का म्हणा? चौदा वर्षं तिने या घराच्या गाई पिळल्या होत्या. ती टोपी सासूबाईंच्या सासूची. घरच्या सुनेला द्यायची म्हणून पेटीत जपलेली. नारिया उन्हाळ्यात याकुत्स्क शहरातून लग्न होऊन आली, तिला धड दूधही काढता येत नव्हतं. पहिली कडक थंडी पडली आणि सासूबाईंनी पेटी उघडून टोपी सरळ तिच्या डोक्यावर ठेवली. वर आइताला म्हणाल्या, "तिला सवय नाही गं. तू काय, दणकट आहेस." दणकट हा शब्द आइता महिनाभर चघळत होती.

या गावात हिवाळ्यात माणसाचं तोंड त्याच्या एकट्याचं नसतं. गाल गोठतो तेव्हा दुखत नाही, ज्याचा गोठतो त्याला कळतही नाही. कळतं समोरच्याला. म्हणून रस्त्यात भेटेल तो थांबून तुमचं तोंड बघतो आणि पांढरा डाग दिसला की सांगतो. मग हातमोजा काढायचा आणि रंग येईपर्यंत उघडा तळवा ठेवायचा. बर्फ मुळीच चोळायचा नाही. सासूबाईंचं आणि शेजारच्या वाराबाईचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं, पण थंडीत 'नाक' आणि 'गाल' एवढे दोन शब्द त्यांच्यातही चालू असत. याबाबतीत खोटं बोलल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

गाई पाणी पीत होत्या. नारिया काहीतरी सांगून हसली आणि आइताने तिच्याकडे पाहिलं. डाव्या गालावर बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग होता, मेणासारखा.

"ताई, बघा हो माझं तोंड," नारिया म्हणाली. "मघाशी टोचत होतं, आता बरं वाटतंय."

आइताने नीट बघितलं.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तांबड्या गाईकडे वळली.

या गाईचं पिऊन झालं की सांगू, असं तिने ठरवलं. मग कालवडीचं होऊ दे. मग गोठा जवळच तर आला.

रात्रीतून नारियाचा गाल सुजला आणि तिसऱ्या दिवशी काळा पडला. तिला गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जाताना ती सगळ्यांना सांगत होती, "तळ्यावर तर ठीक होतं. ताईंनी बघितलं होतं ना." कुणालाही शंका आली नाही. सासूबाईंनी टोपी झटकून आइताच्या हातात दिली. "घे बाई, तूच घाल आता."

दुसऱ्या दिवशी ती टोपी घालून आइता बाहेर पडली. धुक्यातून वाराबाई आली, थांबली.

"गाल," ती म्हणाली. "डावा."

आइताने घाईने तळवा लावला. गाल गरम होता. घरी येऊन आरशात बघितलं, तर लालबुंद.

मग टपालवाल्याने सांगितलं. मग शाळेच्या बाईंनी. आइता दर वेळी हातमोजा काढायची, तळवा लावायची, आणि आरसा दर वेळी लाल गाल दाखवायचा. तिने टोपी खुंटीला टांगली. तरी लोक सांगतच राहिले.

आठवड्याने चुलीशेजारी मांसाचा रस्सा ओरपता ओरपता मिचिल थांबला.

"डावा गाल पांढरा पडलाय तुझा."

"चुलीपाशी बसलेय मी."

"अगं, दिसतंय ते सांगतोय," तो म्हणाला. "तळवा लाव."

सासूबाईंनी मान वर केली, बघितलं आणि त्याही म्हणाल्या, "लाव बाई."

तेव्हापासून आइताचा एक हात गालावरच असे. कातडी सोलवटली. हे कशाचं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. नारिया आली की खरं काय ते सांगून टाकायचं, पाय धरायचे, घरातून काढलं तर जायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

नारिया महिन्याने आली, गालावर तपकिरी वण घेऊन. दुसऱ्या दिवशी दोघी गाई घेऊन तळ्यावर गेल्या.

"नारिया," आइता म्हणाली. तिने गालावरचा हात खाली घेतला. "माझा गाल बघ गं."

तिने डाग बघितला की लगेच सांगायचं होतं. नारिया जवळ आली. तिने नीट बघितलं.

"ठीक आहे, ताई," ती म्हणाली, आणि तांबड्या गाईकडे वळली.

आइताच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे संपलं होतं. मग आता सांगून तरी काय मिळणार, असं तिला वाटलं. उगाच घरात भांडण. तिने सांगायचं सोडून दिलं आणि गाई घराकडे वळवल्या.

वाटेत वाराबाई भेटली. थांबली, बघितलं, पुढे गेली.

घरी मिचिल काही बोलला नाही.

कित्येक दिवसांनी प्रथमच गालाला हात न लावता आइता आरशासमोर उभी राहिली.

डाव्या गालावर बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग होता.

तिने बोट टेकवलं. बोटाला गार लागलं. गालाला काहीच लागलं नाही.

"सासूबाई, बघा हो माझं तोंड."

सासूबाई उजेडात आल्या. तिची हनुवटी धरून त्यांनी नीट बघितलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.