हिरव्या लुगड्यातली सवत

त्या दिवशी सकाळभर धुई होती. उन्हं वर आली तशी ती विरली, पण आभाळ काही निवळलं नाही. पांढुरकंच राहिलं, आणि दुपारी आसेगावच्या तलावावर गार वारा सुटला. एका लयीत वाहणारा. पंजाबरावाला असाच वारा पाहिजे होता.

पंजाबराव म्हणजे सावकाश माणूस. घास खाईल तर हळू, बोलेल तर त्याहून हळू. तलावात जाळी टाकण्यात त्याचा जन्म गेला. जोडीला गोविंदा असायचा, तो आता पोराकडे पुण्याला गेला. एकजण डोंगा सांभाळणार, दुसरा जाळं ओढणार, म्हणजे माणसं दोन लागतात. म्हणून उद्यापासून बायकोनं, भागिरथानं, सोबत यायचं ठरलं होतं. पण तिची एक अट होती.

“मी पडली तं?”

“काढीन ना.”

“कसे काढसान? तुमचं ते शीड फुगलं का डोंगा सुटलेल्या वासरावानी पयते. तुमी मांगं वळून पाह्यसान, तवरोक मी तळाले.”

खोटं नव्हतं. खताच्या पोत्यांचं शीड त्यानं स्वतःच शिवलं होतं. वाऱ्यावर डोंगा धावायचा खरा, पण एकट्यानं तो फिरवून मागं आणणं त्यानं कधी करून पाहिलं नव्हतं. आणि भागिरथाला पोहता येत नव्हतं.

मग तिनंच माणसाएवढ्या पोत्यात कुटार, म्हणजे वाळका भुसा, आणि वजनाला थोडे गोटे भरले, हातांसाठी आडवी काठी घातली, वरून आपलं जुनं हिरवं लुगडं नेसवलं आणि कमरेला पदराची गाठ मारली. तिची गाठ वेगळीच. डाव्या हातानं मारायची, दुसऱ्याला सुटायची नाही.

“घ्या,” ती हसून म्हणाली, “ही माही सवत. हिले काढून दाखवा, मंग मी येतो.”

पाण्यावर कोणी नव्हतं. तलावाच्या पाळूवर, बांधावर, शेजारचा बाबूसिंग बकऱ्या चारत होता, तेवढाच. मधोमध आल्यावर पंजाबरावानं सवतीला ढकललं आणि पडलेल्या माणसाला धीर द्यावा तसा ओरडला, “भागिरथे, हात वर धर! आलोच!”

एकटाच होता, तरी ओरडला. नाव घेतल्याशिवाय त्याला ते खरं वाटेना.

पहिल्यांदा डोंगा लांब निघून गेला. दुसऱ्यांदा त्यानं शिडाची दोरी दातात धरली, वल्हं बगलेत दाबलं, वळसा घेऊन वाऱ्याकडे तोंड केलं आणि शीड पाडलं. डोंगा बरोबर तिच्याजवळ थांबला. काठी धरून त्यानं तिला वर घेतलं. पाणी पिऊन ती चांगलीच जड झाली होती. लुगड्याला शेवाळाचा वास येत होता... आणि खाली थोडासा, ताज्या घामाचा.

जुनं लुगडं आहे, त्यानं मनाशी म्हटलं.

आणखी एकदा करू, म्हणजे हात बसेल. त्यानं तिला पुन्हा ढकललं. “भागिरथे! हात वर धर!” वळून पाहिलं, तर जिथं टाकली तिथं ती नव्हती. वाऱ्यानं पुढं वाहून जायला पाहिजे होती. ती मागं होती. वाऱ्याच्या उलटी, हळूहळू, डोंग्याकडेच येत होती.

आणि काठीचा एक हात वर होता.

कोणीतरी दोरी बांधून ओढतंय, त्याला वाटलं. बाबूसिंगची मस्करी असंल. त्यानं पाळूकडे पाहिलं. बाबूसिंग आपल्या जागी उभा होता, दोन्ही हात काठीवर टेकवून. पंजाबराव नीट पाहायला काठावरून वाकला...

पुढचं त्याला आठवेना.

भानावर आला तेव्हा तो डोंग्यात बसलेला होता. शीड खाली होतं, घडी घातल्यासारखं. धोतर, सदरा ओलाचिंब, कानात पाणी, छाती आतून जळत होती. समोरच्या फळीवर ती होती, त्याच्याकडे तोंड करून. ओढताना पाणी उडालं असंल, तो पुटपुटला. मग त्याचं लक्ष शिडाच्या दोरीकडे गेलं. दोरी डाव्या हातच्या गाठीनं बांधलेली होती. तो सोडत बसला, पण ती सुटेना.

तिला किनाऱ्यावर झाडाखाली टाकून तो घरी आला. रस्ताभर मनात एकच घोळत होतं. ती गाठ भागिरथाशिवाय कोणाला येते?

भागिरथा चुलीपुढं भाकरी थापत होती. हात पिठानं भरलेले, लुगड्याचे काठ कोरडे. तरी त्यानं विचारलं.

“तू तलावावर आलती का?”

“कायले? दुपारभर तूर निवडून राह्यली मी. अन् हे काय, एवढे भिजले काहून?” ती जवळ आली. “जमलं का नाई? काढली का सवतीले?”

“जमलं...” तो म्हणाला. आवाज घोगरा निघाला. भागिरथा खूश झाली. “मंग उद्या मी येतोच,” म्हणून ती चुलीकडे वळली. पंजाबराव तिच्या हातांकडे पाहत राहिला, भाकरी उलटताना कोणता हात पुढं येतो ते पाहत.

तेवढ्यात दारात बकऱ्या ओरडल्या. बाबूसिंग होता. तो आत आला नाही. पंजाबरावाला त्यानं हातानंच बाहेर बोलावलं, चुलीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पंजाबराव, वयनीनं आज तुमचा जीव वाचवला बा. तुमी पडले, तं त्याहिनं डोंगा कसा झ्याक फिरवला, शीड पाडलं, बगलेत हात घालून तुमाले वर घेतलं. म्या सगळं पाह्यलं. पन एक सांगा... तुमी हात वर करून ‘भागिरथे, भागिरथे’ वरडत होते, तवा त्या एवढा येळ डोंग्यात नुसत्याच तुमाले पाहत काहून बसल्या होत्या?”