पानाच्या तळाची ओळ

"ही पानं कुणी टोचल्यात? बाईला राग लय येतो जणू."

हे माझ्याबद्दल चाललं होतं आणि मी दारातच उभी होते. सेहेचाळीसचा श्रावण, सांगलीतली आमच्या मंडळाची खोली, बाहेर उन्हातच पाऊस... खिडकीपाशी एक उंच, सावळा तरुण माझं पान मांडीवर घेऊन बसला होता. डोळे मिटलेले, कपाळावर जखमेचा व्रण. त्याची बोटं ओळीवरून हलकेच सरकत होती.

आमचं मंडळ अंधांसाठी पोथ्या आणि अभंग उठावाच्या टिंबांत उतरवायचं. जाड कागद पाटीत धरायचा आणि टोच्यानं एकेक टिंब पाडत उजवीकडून डावीकडे जायचं. कागद उलटला की तीच टिंबं बोटांनी वाचता येतात. मी दिवसा मुलींच्या शाळेत मास्तरीण आणि संध्याकाळी इथं. पुण्य वगैरे सगळं नंतर. घरी आईनं मला दाखवायच्या कार्यक्रमांचा सपाटा लावला होता, त्यातून तासभर सुटका हे खरं कारण.

"मला मुळीच राग येत नाही," मी म्हणाले.

तो जराही ओशाळला नाही. "मग कागदाला भोकं कशानं पडल्यात?"

त्याचं नाव मानसिंग. गाव साताऱ्याजवळ. लढाईत वाळवंटातल्या सुरुंगानं त्याचे डोळे गेले आणि लष्कराच्या शाळेत तो बोटांनी वाचायला शिकला. आमचे चिटणीस नानासो यांनी त्याला पानं तपासायला आणलं होतं. सोमवारी गाडीनं यायचं, गुरुवारपर्यंत मामाकडे राहायचं, आम्हां मुलींच्या चुका काढायच्या आणि पान पुन्हा करायला लावायचं.

पहिले पंधरा दिवस मी त्याच्यावर चिडून होते. मग माझ्या लक्षात आलं की चूक केली की तो मला खिडकीपाशी बोलावतो. माझ्या चुका वाढल्या. एकदा पानाच्या तळाशी मी टोचलं, "आज राग नाही." त्याचं बोट तिथं थांबलं, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि त्यानं अंगठ्याच्या नखानं एकेक टिंब दाबून ती ओळ सपाट केली. झालं... तेव्हापासून रोज तळाशी एक ओळ. मी टोचायची, त्यानं वाचून पुसायची. कधी तोही चिठ्ठी टोचून द्यायचा. त्या चिठ्ठ्या घरी फळीवर उघड्या पडलेल्या असत. आई त्यांना पोथीचे कागद समजून हात जोडायची.

त्याच्याकडे चोरून बघायची गरज नव्हती, तरी मी चोरूनच बघायचे. त्याला ते कसं कळायचं देव जाणे. "पान वाचा, मास्तरीणबाई, मला काय वाचताय," असं म्हणायचा आणि माझे कान तापायचे.

कार्तिकात तो तापानं दोन आठवडे आला नाही. तेव्हा मी एका पानावर लिहून गेले, "तुम्ही नसला की खोली रिकामी वाटते. सोमवारी लवकर यावं, चहा निवतो." तो आल्यावर ते पान त्याच्या हाती गेलं. बोट तळाशी थांबलं... बराच वेळ थांबलं. तो हसला नाही. मी लाजून मान वळवली. पुन्हा पाहिलं तेव्हा पान गठ्ठ्यात गेलेलं होतं. ओळ पुसलीच असणार असं मी धरून चालले.

ते पान ज्या पोथीतलं होतं, ती इस्लामपूरच्या रंगूबाईंनी आपल्या अंध दिरासाठी करवून घेतली होती. बाई उसाच्या मळेवाल्या, आणि आमचा सगळा कागद त्यांच्याकडून यायचा. दत्तजयंतीला त्यांचे दीर नाथाजी देवळात बसून बोटांनी पोथी वाचू लागले. लोक कौतुकानं गोळा झाले. "तुम्ही नसला की खोली रिकामी वाटते" याला सगळ्यांनी माना डोलावल्या. देवालाच म्हटलंय, दुसरं काय? मग पुढं चहा निघाला.

हे आज हसून सांगता येतं. तेव्हा रंगूबाई पोथी घेऊन तडक सांगलीला आल्या, आणि नानासोंनी आम्हां चार मुलींना व मानसिंगला समोर बसवलं.

"कुणाचा चाळा हाय ते कळू द्या," रंगूबाई म्हणाल्या, "न्हाईतर आमच्याकडनं कागदाचा तुकडा यायचा न्हाई."

कागद बंद म्हणजे मंडळ बंद. नानासो एकेकीला विचारू लागले. पहिली नाही म्हणाली, दुसरी नाही म्हणाली. तिसरी मी. माझ्या डोळ्यांपुढून वडील, शाळा, आईनं जमवत आणलेलं स्थळ सगळं सरकून गेलं.

तेवढ्यात मानसिंग उभा राहिला. "मीच टोचलंय ते," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

मी त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण एक शब्द बोलायला तो पुरेसा होता. मी बोलले नाही. मग नानासोंनी जड आवाजात त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पौषात, परीक्षेच्या कामाचं निमित्त काढून मी साताऱ्याला गेले आणि तिथून त्याच्या गावी. तो अंगणात बाज विणत होता. त्याची आई, राहीबाई, हिनं पाट दिला, गूळ-पाणी ठेवलं आणि ती आत गेली.

"मी आहे..."

"ठावं हाय. फाटकातनं शिरलासा तवाच कळलं."

मी भडाभडा बोलले. ओळ माझी आणि शिक्षा त्याला, हे बरं नव्हे, उद्याच नानासोंना सांगते, असं बरंच काही.

"पुसायचं काम माझं हुतं," तो म्हणाला. "नख टेकवलं बी. पर दाबवलं न्हाई."

कुणाचं मन याहून साधेपणानं कळलं नसेल. मग मीही लाज सोडून सांगितलं, "मला तुमच्याशीच लग्न करायचंय."

त्याचे हात थांबले.

"त्या दिशी ह्यातला एक शब्द निघाला असता, तर तुमच्या वडलांच्या दारात येऊन उभा ऱ्हायलो असतो. तुमास्नी झाकाय न्हवतो उठलो मी. मला वाटलं, आता तरी म्हणतील, न्हाई, ते माझं हाय... तुमचा श्वास ऐकू येत हुता मला."

"घाबरले मी."

"घाबरण्याजोगंच हुतं ते. माझा राग न्हाई. पर मला डोळं न्हाईत, मास्तरीणबाई. माझ्या माणसानं आवाज दिला तर ते हाय. न्हाई दिला, तर माझ्यापुरतं न्हाईच."

मी रडले. त्यानं विणायचं काम पुन्हा सुरू केलं, पण दोर त्याच्या हातून दोनदा सुटला.

सोमवारी मी नानासोंना सांगितलं. रंगूबाईंना निरोप देऊन बोलावलं होतं, त्यांच्यासमोर सांगितलं. जमत आलेलं स्थळ मोडलं आणि वडील दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत. रंगूबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तवाच बोलायचं हुतंस, पोरी." कागद मात्र त्यांनी पाठवला.

चैत्रात मानसिंग पुन्हा कामावर आला. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. बायको कऱ्हाडकडची, मोठ्यानं बोलणारी, दारातूनच त्याला सांगत येणारी. चांगली आहे. मला तिचा हेवा वाटतो आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

माझी पानं अजून त्याच्याकडेच जातात. आता त्यांत चुका नसतात, तळही कोरा असतो. खोलीत पाऊल टाकण्याआधी मी उंबऱ्यावरून मोठ्यानं म्हणते, "मी आलेय."

"व्हय, कळलं," तो म्हणतो, आणि त्याचं बोट पुढच्या ओळीवर जातं.