बीरगांवच्या रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह

तो गाडी घ्यायला आलाच नव्हता.

मे महिन्यातली दुपार, रायपूरच्या तेलीबांध्याचा रस्ता तव्यासारखा तापलेला… आणि आमच्या शोरूमचं काचेचं दार ढकलून एक उंच मुलगा वडिलांना धरून आत आला.

"मॅडम, जरा पाणी द्याल? बाबांना गरगरून राहिलं."

जवळ खुर्ची दिसेना, म्हणून मी समोरच्या लाल गाडीचं दार उघडून काकांना आत बसवलं. भैय्यालालकाका रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमधून नुकतेच रिटायर झालेले. पाणी पिऊन त्यांनी डोळे उघडले, स्टिअरिंगवर हात ठेवला… आणि तो हात ते काही उचलेनात.

"प्रशिक, हीच घेऊ."

प्रशिक माझ्याकडे पाहून हसला. ओठ मिटून, फक्त डोळ्यांनी.

एवढ्यात आमचे मॅनेजर सर धावतच आले. "काका, गाडी नहीं, मक्खन है! पाच माणसं आरामात, इंजिनाचा आवाज नाही, पेट्रोल तर पीतच नाही!" काका गोष्ट ऐकणाऱ्या मुलासारखे ऐकत होते.

प्रशिक हळूच माझ्याजवळ सरकला. "मॅडम, सर सांगून राहिले ते सगळं खरं आहे?"

"अर्धं," मी म्हटलं आणि जीभ चावली.

"मग उरलेलं अर्धं तुम्ही सांगाल? बाबांनी आयुष्यभर सायकल चालवली. गाडी घरी नेल्यावर त्यांचं मन मोडलं तर… मले पाहवणार नाही."

टेस्ट ड्राइव्हसाठी आम्ही सगळ्यांना नवा रायपूरच्या गुळगुळीत रस्त्यावर नेतो. तिथे कुठलीही गाडी छानच वाटते. रविवारी काका आले तेव्हा मी म्हटलं, "आज तुमच्या घरीच जाऊ. बीरगांवला."

घरून प्रशिकची आई मीराबाई, मावशी आणि तांदळाचं एक पोतं घेतलं. काका गाडी शिकले होते पण हात नवा, म्हणून चालवायला प्रशिक बसला. खड्डे, उरल्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ, एसी चालू… पुलाच्या चढावर इंजिन कण्हायला लागलं.

"काहून रडून राहिली ही?" काका घाबरले.

"भरलेली असली की चढावर अशीच रडेल, काका. कंपनी मायलेज बावीस सांगते, पण या रस्त्यावर पंधराच धरा. आणि मागे तिघं बसले की मधल्याचे गुडघे दुखणार."

"दुखूनच राहिले," मागून मीराबाई म्हणाल्या.

काका उतरताना फक्त "हव, ठीक" म्हणाले आणि घरात निघून गेले.

"साक्षी, गाडी बेचना है या बीरगांव घुमाना है?" शोरूमवर परतताच सर कडाडले. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून मागच्या खोलीत बसून फोन करायचे, ग्राहकांसमोर यायचं नाही. घर माझ्याच पगारावर चालायचं.

संध्याकाळी प्रशिकचा फोन आला. "बाबा नीट जेवले नाहीत. तुम्ही फारच खरं बोललात."

"तुम्हीच सांगितलं होतं!"

"हव… पण मले वाटलं, थोडी साखर टाकाल."

"टाकता येते मला. तुमच्यासमोर… टाकावीशी वाटली नाही."

पलीकडून खाकरल्याचा आवाज. "मॅडम, उद्या तुम्ही चहा कुठे पिता?"

प्रशिक आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा, आणि ते ऑफिस आमच्या शोरूमच्या मागच्याच गल्लीत निघालं. चहा मग रोजचाच झाला.

आणि एका सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून हजर!

"ती लाल गाडी द्या. या पोट्टीच्याच हातून घेईन."

सरांचं तोंड उघडंच राहिलं.

"बाकी शोरूमही फिरलो मी. गाडी काय काय करते ते सगळ्यांनी सांगितलं. काय नाही करत ते हिनं एकटीनं सांगितलं. तेवढं चालते मले. त्याच्यावर मिळेल ते सगळं फायद्यात!"

तसंच झालं. काही दिवसांनी फोनवर काका ओरडत होते, "बेटा, सतरा दिलं गाडीनं! तू पंधरा म्हटलं होतं ना?" जणू लॉटरीच लागली होती. त्यांच्याच गल्लीतल्या अनंतरावांनी दुसरीकडून हीच गाडी घेतली होती. त्यांनाही सतराच मिळत होतं, पण कुणीतरी बावीसची खात्री दिलेली, म्हणून ते रोज भांडत होते. संध्याकाळी एकाच गल्लीत दोन सारख्या गाड्या उभ्या असत. एकीला अनंतराव शिव्या देत, दुसरीला काका गुणगुणत पुसत.

काकांनी अर्धं बीरगांव माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, आमच्याच रस्त्यावर चालवून दाखवा," म्हणत लोक येऊ लागले. दिवाळीच्या महिन्यात विक्रीच्या बोर्डावर सगळ्यात वर माझं नाव लागलं, आणि सरांनी स्वतः हुकूम काढला — यापुढे टेस्ट ड्राइव्ह ग्राहकाच्या गल्लीतच!

त्या संध्याकाळी मी आणि प्रशिक तेलीबांध्याच्या तलावाकाठी भजी खात होतो. पाण्यावर दिवे थरथरत होते.

"साक्षी… मले तू आवडते."

मला तेच ऐकायचं होतं. तरी सवयीनं बोलून गेले, "बघ हं. मी कुणाकडून जास्त अपेक्षा ठेवत नाही. बाबा गेल्यापासून हेच शिकले. कमी ठेवली की… दुखत नाही."

प्रशिकच्या कपाळावर आठी आली. "गाडीचं ठीक आहे. ती बनली तशीच राहते. माणूस वाढू शकते ना? माझ्याकडून कमी नको ठेवू. भरपूर ठेव. दमव मले."

असं मला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. मी हसले, आणि डोळे भरून आले.

"भरपूर?"

"भरपूर."

"मग माझ्या आईला सांग. आत्ता."

"आत्ता?" त्याचा चेहरा उतरला. "शर्टवर चटणी सांडली आहे…"

"दिसतेय."

त्यानं पहिल्यांदाच माझा हात हातात घेतला. "चल."

घरी आई मेथी निवडत बसली होती. प्रशिक उंबरठ्यावरच थांबला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं उडून गेलं असावं.

"काकू, मी प्रशिक. मले साक्षीशी लग्न करायचं आहे."

आईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चटणीचा डाग पाहिला. माझा हात पाहिला, अजून त्याच्याच हातात.

"असं दारातून काहून मागून राहिला? आत ये." तिनं मेथी बाजूला सारून जागा केली, आणि तो बसल्यावर एक जुडी पुढे केली. "निवडता येते?"

"ये…" तो म्हणता म्हणता थांबला. "नाही. पण शिकतो. आजच."

आई खळखळून हसली. बाबा गेल्यानंतर इतक्या मोकळेपणानं पहिल्यांदाच. "देठं बाजूला ठेव, जावईबापू," ती म्हणाली, आणि प्रशिकच्या हातातली अख्खी जुडी जमिनीवर पडली.