कोपऱ्यातली चिमणी

माझ्या ओल्या पट्ट्यावर एक बूट उमटला आणि मी ब्रश उगारून ओरडले, "डोळे काय खिशात ठेवून चालता?"

बुटाचा मालक जागच्या जागी थिजला. एक पाय पांढऱ्या रंगात, दुसरा हवेत. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्यात पाव.

"मला वाटलं... हा रस्ता आहे."

"रस्ताच आहे. पण आजपासून इथून माणसं चालणार."

"मीसुद्धा माणूसच आहे हो," तो तोल सावरत म्हणाला. "आता हा दुसरा पाय कुठे ठेवू, तेवढं सांगा."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. ओठांनी ऐकलं नाही.

रविवारची सकाळ होती. वाहनं तुरळक असतात म्हणूनच मी ती वेळ धरली होती. मी दुकानांच्या पाट्या रंगवते, त्यामुळे सगळे मला पाटीवालीच म्हणतात. या कोपऱ्यावर अलीकडे दवाखाना, पलीकडे बसथांबा, आणि मधला रस्ता रुंद केल्यापासून गाड्या अशा सुसाट जातात की जणू मागे वाघ लागलाय. बसमधून उतरून औषधं घ्यायला निघालेल्या माझ्या आत्याला इथेच एका गाडीने उडवलं. आईबाबांच्या मागे तिनेच मला वाढवलं. पाय जुळला, पण हातात काठी आली ती कायमची. दवाखान्यातल्या नर्सबाई, बसचे कंडक्टर, आमची आख्खी आळी रस्ता ओलांडायचे पट्टे मागत नगरपालिकेत खेटे घालून दमली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका चपलांच्या दुकानाच्या पाटीतून उरलेला पांढरा रंग मी उचलला आणि म्हटलं, आपला हात जगन्नाथ!

तो माणूस मात्र गेला नाही. पाव बगलेत धरून त्याने दुधाची पिशवी उंच केली आणि समोरून येणाऱ्या टेम्पोपुढे सरळ उभा राहिला. टेम्पो चक्क थांबला.

"उरका चटकन," तो मला म्हणाला, "दूध नासायच्या आत."

मी ब्रश चालवत राहिले. तो मधूनच वळून बघायचा... आधी पट्ट्यांकडे, मग माझ्याकडे, आणि मग घाईघाईने पुन्हा पट्ट्यांकडे.

"पट्टे जरा बारीक झालेत," तो म्हणाला.

"तुम्ही काय रस्त्यांचे इंजिनिअर लागून गेलात?"

त्याला ठसका लागला. "तसंच... काहीसं."

मला वाटलं, थट्टा करतोय. काम संपल्यावर मी शेवटच्या पट्ट्याशेजारी, डांबरावर, माझी खूण काढली. एक बोटभर चिमणी. आम्हा पाटीवाल्यांची ती रीतच आहे. पाटी कितीही साधी असो, कोपऱ्यात आपली खूण टाकल्याशिवाय ब्रश धुवायचा नाही.

"ही कोण?" त्याने वाकून विचारलं.

"मी."

"गोड आहे," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... चिमणी."

एक पाय पांढरा, एक काळा, असा तो निघून गेला. मी मात्र दिवसभर विनाकारण गुणगुणत होते. आत्याने दोनदा विचारलं, "काय गं, कुठली पाटी मिळाली एवढी?"

पुढे दोन दिवसांनी तोच पांढरा बूट माझ्या दुकानाच्या पायरीवर आला. माझ्या छातीत एक ठोका चुकला आणि लगेच दुसराही चुकला, कारण त्याच्या गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र लटकत होतं.

"तुम्ही खरंच रस्ते विभागात?"

"कनिष्ठ अभियंता." तो बुटाकडे बघत बोलत होता. "साहेबांनी पट्टे खरवडायला सांगितलेत. विनापरवाना आहेत म्हणून."

"आणि माझं नाव तुम्ही जाऊन सांगितलंत!"

"मी नाही हो. तुमच्या चिमणीने सांगितलं."

"काय?"

"साहेबांच्या केबिनबाहेर पाटी आहे. तिच्या कोपऱ्यात हीच चिमणी बसलीय. रोज आत जाताना त्यांना दिसते."

ती पाटी मीच रंगवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! परवानगी नसलेलं काम केलं आणि वर त्याच्याखाली सही ठोकून आले. माझं मलाच हसू आलं असतं, पण समोर हा उभा होता आणि मला रागच हवा होता.

"खरवडा," मी म्हटलं. "रविवारी मी पुन्हा रंगवीन."

"सोमवारी मी पुन्हा खरवडीन. नोकरी आहे."

"बघूच."

"बघू," तो म्हणाला. पण पायरीवरून हलेना. "रविवारी... साधारण किती वाजता?"

ही कसली तऱ्हा! रविवारी मी रंगाचा डबा घेऊन पोचले तर तो खडू लावलेली दोरी घेऊन आधीच हजर.

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी मी नागरिक."

एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. दोरी ताणून सोडली की डांबरावर सरळ रेघ उठायची. या वेळी पट्टे रुंद झाले, ऐटदार झाले. आणि सोमवारी तोच माणूस दोन कामगार घेऊन, सुतकी चेहऱ्याने ते खरवडायला आला. मी बसथांब्यावर हाताची घडी घालून उभी.

"नीट खरवडा हं! कडेला राहिलंय."

"दिसतंय मला."

"आणि ही चिमणी?"

तो जवळ आला, हळूच म्हणाला, "आदेशात पट्टे लिहिलेत. चिमणीचं काही लिहिलेलं नाही."

असे किती रविवार गेले आणि किती सोमवार! दर वेळी पट्टे जायचे आणि चिमणी राहायची. एका रविवारी ऐन कामात भुरभुर सुरू झाली. त्याने झोळीतून छत्री काढली, उघडली... मी केस सावरून जरा पुढे सरकले. आणि त्या पठ्ठ्याने छत्री ओल्या पट्ट्यावर धरली! स्वतः भिजतोय, मी भिजतेय, आणि पट्टा कोरडा.

"वाळला नाही तर वाहून जाईल," तो काकुळतीला येऊन म्हणाला. त्याच्या नाकावरून पाण्याचा थेंब ओघळत होता.

माझ्यावर छत्री धरणारे दोघेतिघे भेटले होते. माझ्या कामावर धरणारा हा पहिलाच. मी त्याच्या प्रेमात पडले ते तिथे, रंगाने माखलेल्या हातांनी, भर रस्त्यात.

आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याच्या कामगारांची खरड ऐकून माझा संताप संताप झाला.

"किती दिवस चालायचं हे?" मी विचारलं. "रविवारी माझे, सोमवारी साहेबांचे. माझ्या आत्याला बुधवारीसुद्धा रस्ता ओलांडायचा असतो!"

"मी वर लिहून पाठवलंय. साहेब म्हणतात, नियमात बसत नाही..."

"नियमात काय बसत नाही ते कळलं. तुम्ही कोणाच्या बाजूला बसता, ते सांगा."

तो पाठ फिरवून कामगारांना कडेचा रंग दाखवू लागला. ते पाठ फिरवणं मला खरडीपेक्षा जास्त लागलं.

त्या रात्रीच, रविवारची वाट न बघता, मी एकटीने पट्टे पुन्हा रंगवले. त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाजात साखर! रस्ते आणि वाहतूक सुरक्षित करायला हातभार लावणाऱ्या नागरिकांचा नगरपालिका सन्मान करणार होती आणि नर्सबाईंनी, कंडक्टरांनी, आळीने मिळून माझं नाव सुचवलं होतं.

"मोठे पाहुणे येणार आहेत," साहेब म्हणाले. "तुम्ही पहिल्या मानकरी. फक्त ते... ते पट्टे त्या दिवशी दिसायला नकोत. पाहुण्यांनी परवानगीचं विचारलं तर पंचाईत. आणि हो, समारंभाचा फलकही तुम्हीच रंगवा ना!"

म्हणजे पट्टे काढले म्हणून सन्मान, आणि सन्मान आहे म्हणून पट्टे काढायचे. मी फोन ठेवला आणि हसत सुटले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी तो दुकानात आला. ब्रशांच्या रांगेला हात लावत उभा राहिला.

"शनिवारी सकाळी, समारंभाआधी..."

"खरवडायचे. आणि ते तुम्हीच. हो ना?"

त्याने मान हलवली.

"मग खरवडा, हात धुवा आणि पहिल्या रांगेत बसून माझ्यासाठी टाळ्या वाजवा. पण रविवारी येऊ नका. आता कधीच येऊ नका."

हाताखालचा ब्रश रांगेत सरळ करून तो गेला. पायरीवर रंगाचा एक पांढरा टवका पडला होता, त्याच्या बुटावरून सुटलेला. मी तो झाडून टाकायला हवा होता. मी तो उचलून ठेवला.

आत्या सगळं बघत होती. "रडतेस कशाला?" ती म्हणाली. "माझा पाय अधू झाला, पोरी. तुझी जीभ आहे ना शाबूत?"

शनिवारी सभागृह खच्चून भरलं होतं. मी रंगवलेला फलक मंचावर, आणि त्याच्या कोपऱ्यात माझी चिमणी. पहिल्या रांगेत त्याची खुर्ची रिकामी होती. खरवडत असेल, मी मनात म्हटलं. माझं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी चकचकीत सन्मानचिन्ह पुढे केलं. मी हात मागे घेतले.

"हे कशासाठी देताय, साहेब?"

"अहो... रस्ता सुरक्षेसाठी! तुमच्या त्या... कार्यासाठी."

"ते कार्य आज सकाळी तुम्ही खरवडायला लावलंत." मी आळीकडे हात केला. "सन्मान मला नको. ज्यांनी कामाला हातभार लावला ती सगळी आळी इथे बसलीय, त्यांनाही कपाटात ठेवायला हे नको आहे. द्यायचंच असेल तर पट्टे द्या. कोपरा हाकेच्या अंतरावर आहे. चला, माझ्या आत्याला रस्ता ओलांडून दाखवा, मग टाळ्या वाजवू."

"हे नंतर बघू," साहेब दातओठ खात पुटपुटले.

काठीचा ठक्क असा आवाज झाला. आत्या उठली होती. कोणाकडे न बघता ती दाराकडे निघाली. नर्सबाई उठल्या, कंडक्टर उठले, मग खुर्च्यांचा गलका झाला आणि सगळं सभागृह रस्त्यावर आलं. पाहुणेही आले, रिकाम्या सभागृहात ते तरी काय करणार? त्यांच्यामागून साहेब, घाम पुसत.

कोपऱ्यावर आले आणि मी थांबले.

पट्टे होते. नुसते होते असं नाही... रुंद, पांढरेशुभ्र, रस्ते विभागाच्या पक्क्या रंगाचे. दोन्ही बाजूंना अडथळे लावलेले, कामगार यंत्र आवरतायत, आणि मधोमध तो. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर रंगाचा ओघळ.

"हे कोणी केलं?" साहेब किंचाळले.

"मी." या वेळी त्याची नजर खाली गेली नाही. "खरवडायचा आदेश होता, साहेब. मी मोडला. सगळ्यांसमोर सांगतोय, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणावर यायला नको."

पाहुण्यांनी साहेबांकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा एका क्षणात पालटला. "म्हणजे... हा खरं तर आमच्या विभागाचाच..."

"साहेब!" पलीकडून आत्याचा आवाज आला. बोलणं चाललं होतं तेवढ्यात ती पट्टे तुडवत दवाखान्याच्या दारात पोचलीसुद्धा होती. थांबलेल्या बसचा ड्रायव्हर तिला सलाम करत होता. "आधी ओलांडून तर या, मग भाषण करा!"

असा हशा उठला की साहेबांना ओलांडावंच लागलं. फोटोवाल्यांनी तेवढाच फोटो काढला. आता ते पट्टे खरवडायची कोणाची छाती होती?

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघंच उरलो. तो डबा आणि ब्रश पुढे करत म्हणाला, "सही राहिलीय. चिमणी पुसट झालीय तुमची."

"नोटीस येईल तुम्हाला."

"येणारच. सोमवारी कामावर असेन की नाही, माहीत नाही."

"मग काय करणार?"

"पाट्या रंगवायला शिकवाल?"

"तुमची रेघ सरळ येत नाही."

"दोरी धरीन." तो थांबला. "कायमची... चालेल?"

चिमणी गिरवता गिरवता मी वर बघितलं आणि तिची शेपटी जरा लांब झाली.

"लवकर बोला," तो म्हणाला, "हा पक्का रंग आहे, ब्रशवरच वाळतो."

"त्या दिवशी नको म्हटलं होतं, ते खोटं होतं," मी म्हटलं. "तुम्ही हवे आहात मला. रविवारीही, सोमवारीही, सगळे दिवस."

त्याने डब्यात बूट बुडवला, तोच, जुना पांढरा, आणि माझ्या चिमणीशेजारी ठप्पकन उमटवला.

"अहो!" मी ओरडले. "डोळे काय खिशात ठेवून चालता?"

"नाही," तो म्हणाला. "या वेळी नीट बघून ठेवलाय."